शास्त्रीबुवांचा डेपो

यज्ञेश्वरशास्त्र्यांचा धंदा वाढला आणि तिथूनच त्यांच्या मागे साडेसाती लागली. ‘धंदा’ हा शब्द त्यांना स्वतःला मुळीच खपत नसे. ते त्याला ‘यजमानकृत्य’ म्हणत, इंदूबाई ‘कामं’ म्हणत आणि शेजारचे आप्पासाहेब सरळ ‘तुमचा कारखाना’ म्हणत. नागापूरच्या माळावर एमआयडीसी आली, पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या, आणि लेथला हळदकुंकू वाहिल्याशिवाय बटण दाबायची एकाही मालकाची छाती होईना. शेड झाली की मालकाला घर सुचे, घर झालं की मुलीचं लग्न सुचे, आणि प्रत्येक गोष्ट सुचली की तो सायकल मारत नगरच्या तोफखाना भागात शास्त्रीबुवांच्या दारात येई. एकट्याला उरकेना म्हणून शास्त्रीबुवांनी हाताखाली चार-पाच भटजी घेतले. इथवर सगळं ठीक होतं.

पण भटजी वाढले म्हणून मुहूर्त वाढत नाहीत. पंचांगकर्ते सगळ्या जिल्ह्याची लग्नं नेमकी एकाच संध्याकाळी लावतात. त्यामागे काही ग्रहगणित असेल. पण शास्त्रीबुवांना हळूहळू तो वैयक्तिक आकस वाटू लागला होता. कोण कुठे जाणार याची सगळी व्यवस्था इंदूबाई पाहत, आणि त्यांचं दफ्तर म्हणजे स्वयंपाकघरातली भिंत. कोळशाने लिहायचं, काम झालं की ओल्या फडक्याने पुसायचं. त्या दिवाळीत घरमालकाला कधी नव्हे ती सद्बुद्धी झाली आणि त्याने स्वयंपाकघराला चुना मारून दिला. मार्गशीर्षातली निम्मी लग्नं त्या चुन्याखाली गेली.

व्हायचं ते झालं. भिंगारच्या एका लग्नात तीन भटजी हजर झाले आणि तिघांनी तीन चालींत मंगलाष्टकं म्हटली. सावेडीच्या लग्नात एकही नव्हता. तिथे नवरीचे मामा शाळामास्तर होते म्हणून निभावलं. त्यांनी आठवतील ते श्लोक म्हणून वेळ मारून नेली. त्यातले दोन रामरक्षेतले होते आणि एक, असं म्हणतात, संधीचे नियम पाठ करण्याचा होता.

“उद्यापासून मी फक्त स्वयंपाक करीन,” इंदूबाई म्हणाल्या. “तुमची लग्नं तुम्ही सांभाळा. मला माझं एक सांभाळता सांभाळता पुरे झालंय.”

आप्पासाहेब ओट्यावर येऊन बसलेच होते. कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्याच्या घरातल्या अडचणी हेच त्यांचं पेन्शन होतं.

“शास्त्रीबुवा, व्यवस्थापक नेमा,” ते म्हणाले. “पण अर्धवेळ. पूर्णवेळ माणूस ठेवला की तो मालक होतो. अर्धवेळ ठेवला तर फार तर अर्धा होईल.”

आणि शास्त्रीबुवांना हे पटलं. वेदांचा अर्थ लावणारा माणूस आप्पासाहेबांच्या वाक्यापुढे असा का हतबल होई, हे कोडं इंदूबाईंना जन्मभर सुटलं नाही.

आप्पासाहेबांनी पुढचा सल्ला दिला की पगारी माणूस ठेवायचा तर दुकानांच्या कायद्याखाली नोंद हवी. शास्त्रीबुवा धोतर सावरत कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, “माल कुठला?”

“माल नाही. पौरोहित्य आहे.”

“साप्ताहिक सुट्टी?”

शास्त्रीबुवांनी प्रामाणिकपणे विचार केला. “पितृपंधरवड्यात असते थोडी.”

“सुट्टी आठवड्याला लागते हो, वर्षाला नाही.” कारकुनाने आता मान वर केली, गंध पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, “ते राहू द्या. आमच्या घरी एक सत्यनारायण करायचा होता. येत्या रविवारी जमेल?” नोंद झालीच नाही, सत्यनारायण मात्र झाला.

मग उमेदवार यायला लागले. एक निवृत्त हेडमास्तर आले. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या भटजींना उंचीप्रमाणे ओळीत उभं करून ‘ष’ म्हणायला लावलं. दोन भटजी रुसून गावी गेले. दुसरे राहुरीकडच्या साखर कारखान्यातले टाइमकीपर होते. “पाळी सुटायची वेळ काय?” त्यांनी विचारलं. कथा संपली की सुटते, असं शास्त्रीबुवा म्हणाले. “आणि कथा कधी संपते?” “यजमानांच्या वडिलांना डुलकी लागली की.” हे उत्तर गंमत म्हणून दिलेलं नव्हतं, पण त्या गृहस्थांनी वहाणा घातल्या आणि ते गेले.

आणि मग शामकांतराव आले.

शामकांतराव एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी या डेपोतून त्या डेपोत गेली, त्या गडबडीत लग्न करायचं राहिलं, आणि निवृत्तीनंतर ते नगरला एका खोलीत येऊन राहिले होते. उंच, ताठ, आणि आवाज असा की ओट्यावरून बोलले तर माळीवाड्याच्या स्टँडवर गाडी हलावी.

“पूर्ण दिवस मी आता देवालासुद्धा देणार नाही,” ते म्हणाले. “सकाळी सात ते नऊ. नऊनंतर मला वाचनालयात जायचं असतं. सात ते नऊ मध्ये तुमचा सगळा दिवस मार्गाला लावून देईन. कबूल?”

शास्त्रीबुवांनी कबूल केलं. त्यांनी कामाचं सगळं समजावून सांगितलं: वास्तुशांतीला किती भटजी लागतात, मुंजीला किती वेळ लागतो, कोणाला कुठली चाल येते. सांगायचं राहिलं ते एवढंच, जे कुणी कुणाला सांगत नाही. कारण ते सगळ्यांना ठाऊक असतंच असं आपण धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर काळा फळा लागला. सकाळी सातला शिट्टी वाजली. बोळातल्या बायकांनी आठवड्याभरात त्या शिट्टीवर दूध चढवायला सुरुवात केली. फळ्यावर भटजी राहिले नाहीत, गाड्या झाल्या. पाथर्डीकर भटजी म्हणजे ‘केडगाव जलद’. बारकं पोरसवदा भटजी होतं ते ‘साधी, सर्व थांबे’, कारण ते वाटेत प्रत्येक ओळखीच्या घरी चहा घेई. परगावच्या लग्नाला गेलेला भटजी ‘मुक्कामी’. आणि शामकांतरावांना एका गोष्टीचा मनापासून राग होता, तो म्हणजे रिकाम्या परतीचा. राहुरीला मुंजीला गेलेला भटजी हात हलवत परत येतो म्हणजे काय? वाटेवर एखादी वास्तुशांत त्याला लागलीच पाहिजे. आणि ती लागू लागली.

शास्त्रीबुवांच्या अब्रूचं मात्र खोबरं होत होतं. एकदा सकाळी ते झोपाळ्यावर जरा टेकले, तर बाहेरून हाक आली, “शास्त्रीबुवा, तुम्ही डेपोत उभे कसे?” ते उठले आणि मुकाट्याने नागापूरच्या मार्गाला लागले. यजमान आले की त्यांच्या समोरून थेट फळ्यापाशी जात. इंदूबाईसुद्धा भाजी आणायला सांगताना आधी विचारू लागल्या, “अहो शामकांतराव, यांना दुपारी मोकळं ठेवलंय ना?”

पण एकही लग्न चुकलं नाही. पौष सरला, माघ-फाल्गुन गेले, एक मुहूर्त चुकला नाही. शास्त्रीबुवांना रात्री शांत झोप लागू लागली आणि तेवढ्यासाठी त्यांनी मान खाली घालून फिरायची तयारी ठेवली.

त्या फळ्यावर एक नाव कधीच नव्हतं. रंगनाथचं.

रंगनाथ आणि शास्त्रीबुवा एका पाठशाळेत एका चटईवर शिकले. आवाज म्हणाल तर रंगनाथचा. पहाटे तो म्हणायला लागला की गुरुजी बाकीच्या पोरांना गप्प बसवत आणि स्वतः डोळे मिटून बसत. पण रंगनाथचे वडील लवकर गेले. घरात आई, पाठच्या बहिणी आणि रिकामे डबे. तेव्हा कुणी एकाने त्याला सीना नदीच्या काठी दहाव्याला बोलावलं आणि तो गेला. एकदा गेला तो गेला. जो ब्राह्मण क्रियाकर्माला बसतो त्याला पुन्हा लग्नमुंजीला कुणी बोलवत नाही. त्याचं तोंड पाहून कुणी कार्याला निघत नाही. हा नियम कुठल्या ग्रंथात आहे हे शास्त्रीबुवांनी तरुणपणी एकदा शोधलं होतं. सापडला नव्हता, पण नियम होताच. शास्त्रीबुवांच्या दारात कुणी मयताचा निरोप घेऊन आलं की ते त्याला रंगनाथकडे पाठवत, आणि आपण मित्राला कामं देतो असं स्वतःला सांगत. रंगनाथ अवसेला येई, ओट्याच्या पायरीखाली उभा राही. इंदूबाई बाहेर चहा नेऊन देत. तो आत येत नसे आणि त्याला ‘आत ये’ असं कुणी म्हणतही नसे.

वैशाखातला तो दिवस उजाडला. पंचांगात गोरज मुहूर्त होता आणि जिल्ह्यातली सगळी मुलं त्याच संध्याकाळी बोहल्यावर चढत होती. सगळ्यांत मोठं लग्न केडगावच्या कानिफनाथांच्या मुलीचं. कानिफनाथांची बागाईत मोठी आणि गोतावळा त्याहून मोठा. ते ज्याला हात जोडतील त्याला पंचक्रोशी हात जोडणार. तिथे ‘केडगाव जलद’, म्हणजे पाथर्डीकर भटजी, लावलेले होते.

शास्त्रीबुवा सकाळीच नागापूरला गेले. तीन शेडींत तीन पूजा आटोपून घसा बसवून घेऊन ते दिवस कलताना परत आले, तर इंदूबाई दारातच उभ्या.

“अहो, पाथर्डीकर भटजी सकाळी आलेच नाहीत. कालच्या लग्नात आमरस ओरपला, ते अंथरुणाला खिळलेत.”

“मग केडगावला?”

“शामकांतरावांनी मला विचारलं, सीनेवर तुमचा एक माणूस असतो ना, तो दहानंतर रिकामा असतो ना. मी म्हटलं, असतो, पण ते... आणि तेवढ्यात त्यांनी शिट्टी वाजवली.” इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. “रंगनाथभावजींना धाडलंय हो त्यांनी.”

शास्त्रीबुवांनी तांब्याभर पाणीसुद्धा घेतलं नाही. सायकल वळवली आणि पुणे रस्त्याला लागले. धोतराचा सोगा साखळीत अडकला, तो त्यांनी फाडून काढला. एका टांग्यावर आदळता आदळता वाचले आणि टांगेवाल्याकडून शास्त्रात नसलेलं बरंच काही ऐकलं. देवा, मी पोचेपर्यंत अंतरपाट धरू नकोस, एवढंच ते म्हणत होते.

देवाने अंतरपाट धरला होता. मांडव लांबून दिसायच्या आधी कर्ण्यातून आवाज आला.

शास्त्रीबुवांनी सायकलवरून पाय खाली टेकला आणि ते तिथेच उभे राहिले. इतकी वर्षं झाली, तरी आवाज तोच. तो नदीकाठी ओल्या अंगाने, रडणाऱ्या माणसांत, पिंडांपुढे खर्ची पडत होता. आज त्याच्यापुढे नवरानवरी होती, आणि तो असा वर चढत होता की घरट्याकडे निघालेलं पाखरूही वाटेत थांबावं. मांडवात चिटपाखरू बोलत नव्हतं. आचारी झारा हातात धरून उभे होते. नवरीची आई रडत होती, आणि रडण्याची पद्धत म्हणून रडत नव्हती. रंगनाथने नवीन धोतर नेसलं होतं. घडी मोडलेली कळत होती; कधीतरी घेऊन ठेवलेलं असावं. तो डोळे मिटून म्हणत होता.

आता पुढे होऊन थांबवावं, असं शास्त्रीबुवांना वाटलं. मग वाटलं, एवढं कडवं होऊ दे. मग वाटलं, पुढचंही होऊ दे. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मावळतीला सूर्य टेकला, ‘सावधान’ झालं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. मुहूर्त पळभरही हुकला नाही. शास्त्रीबुवांनी डोळे पुसले. निभावलं, त्यांना वाटलं, देवाने निभावून नेलं.

कानिफनाथांची चुलती केशरबाई पुढेच बसली होती. डोळ्यांनी अधू, कानांनी मंद, त्यामुळे ती जे बोले ते सगळ्या मांडवासाठी असे.

“आरं कानिफ, ह्यो आवाज वळखीचा हाय मला,” ती म्हणाली. तिच्या तोंडावर हसू फुललं होतं. “ह्योच बामन हुता रं तुज्या चुलत्याच्या दहाव्याला. कावळा शिवंना, तवा समदी मानसं जेवायला गेल्ती. ह्यो न्हाई गेला. उनात बसून ऱ्हायला माज्यासंगं. लई मायेचा हाय. त्याला आधी ग्वाड वाढा.”

म्हातारीने तोंडभरून कौतुक केलं होतं. पण ‘दहाव्याला’ हा शब्द मांडवभर पसरत गेला आणि ज्याच्यापर्यंत पोचला तो बोलायचा थांबला. वाजंत्रीवाल्यांना सगळ्यांत शेवटी कळलं. नवऱ्याच्या बापाने हातातला नारळ खाली ठेवला. कानिफनाथांची नजर सगळीकडे फिरली आणि मांडवाच्या तोंडाशी सायकल धरून उभ्या असलेल्या शास्त्रीबुवांवर येऊन थांबली.

“शास्त्रीबुवा, हिकडं या.” ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “माज्या लेकीच्या अक्षता क्रियेच्या बामनानं टाकल्या. मी दुसरं काय इचारत न्हाई. ह्यो तुमचा मानूस हाय का न्हाई, तेवढं सांगा.”

मांडवात सगळा गोतावळा होता. यातल्या निम्म्या घरची लग्नं येत्या दोन महिन्यांत होती आणि ती शास्त्रीबुवांच्या ओट्यावर खडूने लिहिलेली होती. रंगनाथ अंतरपाटाची घडी घालत होता. घालता घालता थांबला आणि त्याने शास्त्रीबुवांकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या पाहण्यात; त्याला नुसतं उत्तर ऐकायचं होतं.

“नाही,” शास्त्रीबुवा म्हणाले. “माझा नाही. काहीतरी गफलत झाली. मी नाही पाठवला.”

रंगनाथने घडी पूर्ण केली. अंतरपाट पाटावर ठेवला, पिशवी उचलली आणि आचाऱ्यांच्या बाजूने तो निघाला. कुणी त्याला हात लावला नाही, कारण त्याला हात लावायलाच कुणी तयार नव्हतं. आपोआप वाट होत गेली. केशरबाई तेवढी विचारत होती, “जेवला का रं त्यो? जेवला का?”

मग लग्न पुन्हा लागलं. कानिफनाथांचा तसा हट्टच होता, आणि शास्त्रीबुवांमध्ये ‘नाही’ म्हणायचं त्राण नव्हतं. होतं नव्हतं ते एकदाच वापरून झालं होतं. पंगतीला बसलेल्या नवरीच्या मामाला उठवून आणलं, तो बुंदीचा हात धोतराला पुसत आला. कर्णेवाल्याने मध्येच सिनेमाचं गाणं लावलं होतं, ते बंद करताना अशी शीळ वाजली की नवरा दचकून नवरीच्या पायावर उभा राहिला. अक्षता संपल्या होत्या. घरातून जोंधळे आणून त्याला कुंकू चोळलं. आणि तीन शेडींत घालवलेल्या घशाने शास्त्रीबुवांनी मंगलाष्टकं म्हटली. दुसऱ्या कडव्याला आवाज फुटला, तिसऱ्याला गेला. चौथ्याला केशरबाईने मोठ्यांदा विचारलं, “आता ह्यो कोन रडतोय?”

मांडवात पोरं हसली. शास्त्रीबुवा खरंच रडत होते, पण ते कुणाला कळायचं कारण नव्हतं.

सकाळी सातला शिट्टी वाजली. शामकांतरावांना काढून टाकायचं, हे शास्त्रीबुवांनी अंथरुणातच ठरवलं होतं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. तो सगळा दोष त्या माणसाचा होता, असं त्यांना पटता पटत नव्हतं म्हणून वाक्य जरा जास्तच कडक झालं होतं. पण ते ओट्यावर आले तर शामकांतराव फळा पुसून बसले होते. खडू खाली ठेवलेला होता.

“कळलं मला सगळं,” शामकांतराव म्हणाले. “माझी चूक काय ते सांगतो. मी गाडीची जात विचारली नाही. आमच्याकडे कालच्या गाडीतून कोण गेलं हे आज कुणी विचारत नाही. धुतो आणि मार्गाला लावतो. तुमच्यात तसं नसतं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तो मला म्हणालाही, यज्ञाला विचारलंय का? मी म्हटलं, डेपोत मी विचारत नाही, सांगतो. तर त्याचा चेहरा असा झाला...” ते थांबले. “मला वाटलं, जादा कामाचा आनंद असेल.”

“शामकांतराव, मला असं म्हणायचंय...”

“थांबा. आता तुमची चूक सांगतो. अपघात झाला की नियंत्रकाचं पहिलं काम काय? पंचनामा नाही, प्रवाशांची समजूत नाही. आधी आपला चालक जमावातून बाहेर काढायचा. चूक त्याची असो, नसो. तुम्ही त्याला तिथे टाकून आलात. वर ‘आमचा नाही’ म्हणालात.” शामकांतरावांनी वहाणा घातल्या. “आमच्याकडे याला निलंबन आहे, शास्त्रीबुवा. मी अर्धवेळ माणूस, मला तेवढा अधिकार नाही. मी वाचनालयात जातो.”

आणि सात वाजून गेले न गेले तोच ते निघून गेले. कडक वाक्य शास्त्रीबुवांच्या तोंडातच राहिलं. आपल्याच ओट्यावर आपल्याच नोकराने आपल्याला बडतर्फ करावं, हा अपमान एरवी त्यांना महिनाभर पुरला असता. आज तो त्यांना जाणवलाच नाही.

आतून इंदूबाईंनी विचारलं, “कसं म्हटलं हो भावजींनी?”

“काय?”

“मंगलाष्टकं.”

शास्त्रीबुवांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि ते सीनेकडे चालत निघाले. यजमान यायच्याच वेळी, त्यांना दिसेल अशा रस्त्याने ते गेले, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

नदी कोरडी होती. एका घरचं कर्म आटोपून माणसं परत निघाली होती. रंगनाथ काठावर लिंबाच्या झाडापाशी दर्भ गोळा करत होता. जुनं धोतर नेसला होता. शास्त्रीबुवांना पाहून तो सवयीने चार पावलं मागे सरला, आपली सावली त्यांच्यावर पडू नये म्हणून.

“रंगनाथ,” शास्त्रीबुवा म्हणाले. संस्कृतात क्षमेचे पुष्कळ श्लोक आहेत. एकही कामाचा नव्हता.

“यज्ञा, तू कधी आलास काल?” रंगनाथनेच विचारलं. “पहिल्यापासून होतास?”

“कर्ण्यातून ऐकलं. दुसऱ्या कडव्यापासून.”

“मग सांग. तिसऱ्याला वरचा स्वर धरला तो टिकला? की घसरला? मला तिथं कळेना. नदीवर आवाज अंगावर परत येत नाही रे, पसरून जातो. मांडवात काय होतं कुणास ठाऊक.” तो अगदी पोरासारखा विचारत होता.

“टिकला. गुरुजी असते तर डोळे मिटून बसले असते.”

रंगनाथ हसला. दर्भाची जुडी त्याने या हातातून त्या हातात घेतली. मग खाली बघत म्हणाला, “एक विचारू? तू शास्त्र जाणतोस म्हणून विचारतो. मी अक्षता टाकल्या तेव्हा सूर्य होता. तुमच्या वेळी तो गेला होता, लांबून बत्त्या लागलेल्या दिसल्या मला. मग लग्न कुठलं धरायचं? पोरीचं लग्न कुणाचं लागलं?”

शास्त्रीबुवांनी जन्मभर लोकांना मुहूर्त सांगितले होते. इतकं सोपं उत्तर त्यांना कधी द्यावं लागलं नव्हतं.

“तुझं,” ते म्हणाले. “मुहूर्तावर लागलं ते लागलं. माझं नुसते जोंधळे उधळणं झालं.”

रंगनाथने मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिला. त्याच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते शास्त्रीबुवांना बघवेना. आत्ता उठावं, केडगावला जावं आणि भर वस्तीत कानिफनाथांना हेच वाक्य सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. ते अगदी ओठांवर आलं.

“बास,” रंगनाथ म्हणाला. “मला कळलं, झालं. तू हे कानिफनाथांना सांगायला जाऊ नकोस हं. उगाच बभ्रा होईल. तुझी अर्धी लगीनसराई जायचीय अजून.”

“नाही, पण सांगायला हवं...”

“नको.”

“बरं,” शास्त्रीबुवा म्हणाले.

त्यांना हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरावा तसं वाटलं. आणि आपल्याला हायसं वाटलं, हे कळताच ते मटकन खाली बसले आणि पंचाहत्तर यजमानांचे पुरोहित, नागापूरच्या निम्म्या लेथांचे पूजक यज्ञेश्वरशास्त्री नदीच्या वाळूत हमसून हमसून रडू लागले.

माणसं तिथे रडायलाच येत, त्यामुळे कुणी वळून पाहिलं नाही. रंगनाथने दर्भ बाजूला ठेवले. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते त्याला धंद्याने ठाऊक होतं. त्याने त्यांना धरून लिंबाच्या सावलीत सरकवलं, पाठीवर हात ठेवला आणि त्यांचं आटपेपर्यंत शेजारी बसून राहिला.